साहेबाच्या आंघोळीचं भांडं

बाय कोणतीही गोष्ट हाताने बघायची. डोळे चांगले होते, चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायची. पण डोळ्यांनी ती नुसती चौकशी करायची आणि निकाल तळहाताने द्यायची. भाजीवाल्याचं वांगं, लिफ्टमधला आरसा, माझ्या दाराचं नवं पॉलिश, खालच्या मजल्यावरच्या बाळाची टाळू, सगळ्यावरून तिचा तो रुंद, खरबरीत हात फिरायचा. एकदा आमच्या इमारतीत मतं मागायला एक उमेदवार आले. ते हात जोडून दारात उभे, आणि बायने त्यांच्या कुडत्याचं टोक दोन बोटांत धरून चोळून बघितलं.

"पातल हाय," ती म्हणाली. "धुतल्यावर आटल."

उमेदवार हसले आणि घाईने पुढच्या दाराकडे वळले.

"बाय, असा लोकांना हात लावू नये," मी म्हटलं.

"मंग कलनार कसं? डोल्यांनी काय कलतं, टीचर?"

बाळांनो, गेल्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा आपण खाडीवरच्या जुन्या गोदीत गेलो होतो, आठवतं? थोरल्याने संग्रहालयातल्या त्या भल्या मोठ्या भांड्यासमोर थांबून विचारलं होतं, "आजी, 'हे आंघोळीचे भांडे नव्हे' अशी पाटी का लावलीय? कोण म्हणालं होतं ते आंघोळीचं आहे म्हणून?" आणि धाकटीला कॅफेच्या कठड्याशी बांधलेली होडी दिसली होती. संग्रहालयाच्या बाकी सगळ्या वस्तू आत कोरड्यात आणि ही एकटी बाहेर पाण्यात, पाटी कठड्यावर, असं का? त्या दिवशी तुमच्या बॅगांचं वजन करायचं राहिलं होतं, म्हणून मी दोन्ही प्रश्न टाळले. खरं तर दोन्हींचं उत्तर एकच आहे, आणि ते उत्तर आमच्या समोरच्या दारात राहायचं.

बायचं गाव उलव्याच्या बाजूला, खाडीच्या काठाला होतं. विमानतळ आला आणि गाव उठलं. कळंबोलीला तिच्या मुलाचे ट्रक आहेत; त्याने नवीन पनवेलला आमच्या मजल्यावर प्रशस्त फ्लॅट घेतला आणि आईला तिथे आणलं. गुळगुळीत फरशी, गरम पाण्याचा नळ, खिडकीला जाळी. बायने पहिल्या दिवशी सगळ्या भिंतींवरून हात फिरवला आणि माझ्या दारात येऊन विचारलं, "तुमी काय करता?" मी म्हटलं, शाळेत इंग्रजी शिकवायचे, आता निवृत्त आहे. त्या क्षणापासून मी टीचर झाले. पहिला आठवडा ती मला 'तुमी' म्हणाली, दुसऱ्यात 'तू' म्हणाली, आणि तिसऱ्यात माझ्या स्वयंपाकघरातले डबे तिच्या सोयीने लावून मोकळी झाली. तुम्हाला माहीत आहे, माझ्या घरात डाळीच्या डब्याच्या जागी साखरेचा डबा कधी येत नाही. तुमचे आजोबा त्या दिवशी साखर घातलेली आमटी जेवले आणि म्हणाले, छान झालीय, गुजराती केलीस का?

गावाकडची बाई, नव्या जागेत एकटी पडली असेल, अशा समजुतीने मी तिला एका गुरुवारी बाहेर न्यायचं ठरवलं. बागेत जाऊ या, मॉल दाखवते, असं बरंच सुचवलं. ती म्हणाली, "मना गोदी दाव."

गोदी तुम्ही पाहिली आहेच. पुढे जुन्या लाकडांच्या वखारीत संग्रहालय, धक्क्यावर कॅफे, आणि मागच्या बाजूला अजूनही लाकडी होड्यांची दुरुस्ती चालू. कॅफेत बसलं की खाऱ्या वाऱ्याबरोबर कॉफीचा, चिखलाचा आणि डांबराचा असा तिन्हींचा वास येतो. मी तिकिटं काढली आणि शिस्तीत डावीकडून सुरुवात केली. प्रत्येक पाटी आधी मनात वाचून मग बायला सोप्या शब्दांत समजावत होते. बरंच समजावून झाल्यावर मागे वळले, तर बाय नव्हती. ती पार पलीकडे एका पितळी होकायंत्रावर तळहात ठेवून उभी होती, आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, कृपया हात लावू नये.

"बाय, पाटी वाचली नाहीत का?"

"वाचली. चौथी शिकले मी. ज्यानी लिवली त्याला बगायची हौस नसल."

मग आम्ही त्या मोठ्या भांड्यापाशी आलो. होड्यांच्या फटी बुजवायला त्यात पूर्वी राळ आणि तेल उकळत, असं पाटीवर लिहिलं होतं. पण पाटी भांड्याच्या दुसऱ्या अंगाला होती. समोर एक पुण्याचं कुटुंब उभं होतं. त्यांच्यातल्या गृहस्थांनी बायकोला विचारलं, "हे कशाचं असेल गं?" बायला कोणी विचारलं नव्हतं.

"सायबाच्या आंगोलीचा," ती म्हणाली.

"कोणत्या साहेबाच्या?"

"गोरा होता एक. गोदीचा मोटा साएब. रोज सकालचा ह्याच्यात बसून आंगोल करायचा. खालून जाल लावायचे. माझी आजेसासू पानी ओतायची."

त्या गृहस्थांनी भांड्याकडे आदराने पाहिलं, बायकोला त्याच्या शेजारी उभं केलं आणि फोटो काढला. मी पुढे होऊन खरी माहिती सांगणार होते, तेवढ्यात बायने माझा दंड धरला. तिची पकड तुम्हाला माहीत नाही. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाय, हे सपशेल खोटं आहे."

"त्यांनी राल ऐकली असती तर फोटू काडला असता का?"

त्यानंतर आम्ही दर गुरुवारी गोदीत जाऊ लागलो. पुढे पुढे तर साहेब वाढत गेला. एका गुरुवारी त्याला पाठ चोळायला माणूस मिळाला. मग त्याची मडमही अवतरली. एका शाळेच्या सहलीला बायने सांगितलं की साहेब जाडा होता, एकदा भांड्यात अडकला आणि भरती येईपर्यंत निघालाच नाही. संग्रहालयाच्या प्रमुख म्हणजे एक हुशार, मनापासून काम करणारी मुलगी. सगळे तिला मॅडम म्हणत. येणारे लोक तिला साहेबाचं नाव विचारू लागले. एकाने तर मडमेचा फोटो आहे का असंही विचारलं. शेवटी मॅडमने कंटाळून ती पाटी लावली: हे आंघोळीचे भांडे नव्हे. त्यानंतर तर जो तो विचारू लागला की असं कोण म्हणालं.

कॅफेतही हीच तऱ्हा. पहिल्यांदा कॉफी आली तेव्हा बायने कपातल्या फेसाला बोट लावलं आणि कॅफेवाल्याला हाक मारली. "वरचा साबन काडून दे." पुढच्या खेपेला तिने पिशवीतून स्वतःची भाकरी आणि सुकटीची चटणी काढली. बाहेरचे पदार्थ आणू नयेत, अशी पाटी आमच्या अगदी डोक्यावर होती. मी मान खाली घालून बिस्किट खात होते. वास आजूबाजूच्या टेबलांवर पोचला, आणि पलीकडच्या टेबलावरच्या एका बाईंनी वेटरला बोलावून विचारलं, "त्या घेतायत ते मेनूत कुठे आहे?" तुम्ही दोघांनी नाकाला चिमटा लावून जे सँडविच खाल्लंत आणि मग अजून एक मागवलंत, ते तिथून सुरू झालं.

अशा काही गुरुवारांनंतर एकदा बायने मला कॅफेत बसूच दिलं नाही. मागच्या बाजूला, जिथे कामगारांखेरीज प्रवेश नाही असं लिहिलंय, तिथून ती सरळ आत शिरली.

"बाय, पाटी."

"मी कामालाच आलेय."

आत लाकडी टेकूंवर एक होडी उभी केलेली होती. तळाच्या काही फळ्या नव्या होत्या, बाकी जुन्या, काळ्या. गोदीचे म्हातारे मिस्त्री शेजारी बसून फळ्यांच्या फटीत कापूस ठोकत होते. बायला बघून ते उठले. "आलीस का, भाभी," एवढंच म्हणाले आणि बाजूला सरकले. बायने होडीवर तळहात ठेवला. मी निकालाची वाट पाहत राहिले. तिने निकाल दिला नाही. हातही काढला नाही.

"ही माझी होरी," ती म्हणाली.

होडीला ती होरी म्हणायची. होडी तिच्या नवऱ्याची होती. लग्नात खाडीच्या पलीकडून तिला त्याने हिच्यातूनच आणलं होतं. वऱ्हाड मागच्या होड्यांत आणि ही दोघं पुढे. तो आयुष्यभर हिच्यातून मासे मारायला गेला. तो वारल्यावर होडी दारात पडून राहिली, आणि गाव उठलं तेव्हा तिला ठेवायला जागाच उरली नाही. मुलाने विचार करून ती संग्रहालयाला देऊन टाकली. मोबदल्यात वडिलांचं नाव पितळी पाटीवर लागणार होतं. आईला त्याने हे सगळं ठरल्यावर सांगितलं.

आम्ही उभ्या होतो तेवढ्यात मॅडम आली. होडीबद्दल बोलताना तिचा चेहरा उजळला. "आजी, तुमच्या होडीला आपण नव्या हॉलच्या बरोबर मध्यभागी ठेवणार. तळाला चार भोकं पाडायची, लोखंडी स्टँडवर बोल्टने पक्की बसवायची, वरून वॉर्निश आणि दोन्ही बाजूंनी दिवे."

"मंग ती भिजल कंदी?"

"आता तिला भिजायची गरजच नाही, आजी," मॅडम प्रेमाने म्हणाली.

परत येताना रिक्षात बायने दोन्ही हात मांडीवर धरून ठेवले. हे मला नवीन होतं. कळंबोलीचा पूल मागे पडल्यावर ती म्हणाली, "मना फ्लॅटमंदी ठेवली. तिला हॉलमंदी ठेवतान. दोगींची बुडं सुकनार."

मी हसले. ती हसली नाही.

"मुलाला सांगा ना, मला हे पटत नाही म्हणून."

"सांगितला. तो म्हनतो, आये, पान्यात सडल, आनी ठेवायची कुटं? खोटा नाय बोलत तो. बाबाचं नाव लागतंय म्हनून त्याच्या तोंडावर जो आनंद हाय, तो तू बगला नाय. त्याला मी नाय म्हनू?"

म्हणजे पेच असा होता. भोकं पडली की ती होडी उरणार नव्हती, एक लाकडी शोभेची वस्तू होणार होती. आणि ती वाचवायची तर मुलाला नाही म्हणावं लागणार होतं. बायला दोन्ही नको होतं. मी तिला समजावलं की काही गोष्टी सोडून द्याव्या लागतात. असं समजावणं मला बरं जमतं. तिने माझ्या गुडघ्यावर थोपटलं, जसं लहान मुलाला थोपटतात.

नव्या हॉलच्या उद्घाटनाचा दिवस जवळ आला, तशी बाय एकदम खुशीत आली. मी मनात म्हटलं, चला, उमजलं हिला. त्याच आठवड्यात ती तुमच्या आजोबांच्या तब्येतीची फार चौकशी करू लागली. सकाळी विचारायची, "तुजा नवरा बरा हाय ना?" संध्याकाळी पुन्हा. आजोबा एकदा जिन्यात खोकले, तर अर्ध्या तासात तुळस-आल्याचा काढा घेऊन हजर, आणि तो संपेपर्यंत समोर उभी. आजोबा मला म्हणाले, "बाई किती मायाळू आहे बघ."

मग एका दुपारी तिने विचारलं, "टीचर, तुज्याकडं चांगला खन हाय का? म्याडमची ओटी भरायची. नवी नवरी हाय, आपल्यासाटी एवडं करते. मी इदवा, मना ओटी भरता येत नाय. तू भर."

मी तिला म्हटलं की हे मी मानत नाही, तुम्हीच भरा.

"तू नको मानू," ती म्हणाली. "पन तूच भर."

तुम्हाला हा प्रकार नीट माहीत नसेल. घरातून निघणाऱ्या मुलीच्या, सुनेच्या पदरात तांदूळ, नारळ, खण घालतात आणि तिचं भलं व्हावं म्हणतात. मी हिरवा इरकली खण काढला आणि त्याला इस्त्री केली. निवडलेले तांदूळ, सुपारी, हळकुंड, नारळ आणि हळदीकुंकवाची कुयरी असं सगळं तबकात मांडून वर विणलेला रुमाल घातला. इतकं नीटनेटकं तबक मी तुमच्या आईच्या लग्नातही मांडलं नव्हतं.

कार्यक्रम मागच्या आवारात, होडीपाशीच होता. खुर्च्या, माइक, झेंडूच्या माळा. बायचा मुलगा पांढऱ्या शुभ्र शर्टात सगळ्यांना खुर्च्या देत होता. वडिलांच्या नावाची पितळी पाटी त्याने एकदा हातरुमालाने आणि एकदा बाहीने पुसली. भाषणं झाली. मग बायच्या मुलाच्या हस्ते होडीच्या तळाला पहिलं भोक पाडायचं आणि पहिला बोल्ट बसवायचा, असं ठरलं होतं. मिस्त्री ड्रिल घेऊन तयार होते.

"आधी ओटी," बाय म्हणाली.

मॅडमला कुणीतरी कुजबुजून सांगितलं असावं. ती त्या दिवशी मुद्दाम साडी नेसली होती. लाजत पुढे आली, पदर पसरला, फोटोवाले सरसावले. मी तबक घेऊन निघाले. मॅडम दोन पावलांवर असताना बायने माझं कोपर धरलं आणि मला तिच्यासमोरून सरळ पुढे नेलं.

"आधी हिची," बाय म्हणाली, आणि मला होडीच्या नाळेसमोर, तिच्या पुढच्या टोकाशी, उभं केलं.

एवढे लोक बघत असताना माणूस काय करतं? मी होडीला हळदकुंकू लावलं. खण उलगडून तिच्या पुढच्या फळीवर ठेवला, त्यावर तांदूळ, सुपारी, हळकुंड, नारळ. सगळं नीट, जिथल्या तिथे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम रिकामा पदर पसरून उभी होती, तिनेही पदर एका हातात धरून फोटो काढला. फक्त मिस्त्रींनी ड्रिल हळूच खाली ठेवलं.

"मॅडम, माफ करा," ते म्हणाले. "हे आता होणार नाही."

"का? ड्रिल बिघडलं?"

"ड्रिल ठीक आहे. होडीची ओटी भरली गेली."

"हो ना, किती छान वाटलं ते."

"छानच. पण ओटी भरतात ती पाण्यात सोडायच्या वक्ताला. ओटी भरली म्हणजे निघाली ती. ओटी भरलेल्या होडीला या गोदीत कधी कुणी भोक पाडलेलं नाही. माझ्या बापाने नाही पाडलं, माझ्याने नाही होणार. दुसरा माणूस बघा."

मॅडमने दुसरा माणूस बघितला. एक जण कान खाजवत होता. एकाला चहाची आठवण झाली. एक आभाळाकडे बघत होता, तिथे काहीच नव्हतं. ड्रिलला हात कुणी लावला नाही.

"आये," मुलगा म्हणाला, "तुला हे माहीत नव्हतं?"

"मी कुटं भरली? टीचरनी भरली."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी रिकामं तबक घेऊन उभी होते आणि आयुष्यात पहिल्यांदा वर्गाच्या दुसऱ्या बाजूला उभं राहिल्यासारखं वाटत होतं. पुढच्या रांगेत मासेमारांतले एक वयस्कर पाहुणे बसले होते. ते काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "ओटी भरून लेकीला बोल्ट मारून घरातच ठेवायची? हे आमच्यात नाय दिसायचं बरं." मागून हसण्याची लाट आली.

मुलगा हसला नाही. तो आईकडे बघत होता. ती होडीवरचं झेंडूचं फूल सरळ करत होती, ते आधीच सरळ होतं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्याला कळलं तो क्षण मला दिसला. आधी राग आला. मग तो हातातल्या पितळी पाटीकडे बघत राहिला.

"मग बाबांच्या पाटीचं काय?" त्याने अगदी हळू विचारलं. सगळ्या गर्दीत तो प्रश्न एका माणसासाठी होता.

"लाव की धक्क्याच्या कठड्यावर," बाय तितक्याच हळू म्हणाली. "तुजा बाबा पान्यावर असायचा. भिंतीवर कंदी होता?"

मग त्याने पाटी माझ्या तबकात ठेवली, बूट काढले, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि होडीला पहिला खांदा त्याने लावला.

भरती दुपारी होती. कामगार, पाहुणे, फोटोवाला, सगळ्यांनी मिळून होडी घसरत घसरत पाण्यात नेली. मॅडम आधी 'पण नियम' असं दोनतीनदा म्हणाली; मग तिने चपला काढल्या. बाय होडीत चढून बसली आणि मला हाक मारली, "ये, टीचर, बस." मी म्हटलं, साडी नवी आहे. मी धक्क्यावर तबक घेऊन उभी राहिले. होडी डुलली, बायने हात बाहेर काढून पाण्यावर ठेवला, आणि हातानेच बघितलं.

बाहेर आल्यावर तिने पिशवीतून दुसरा नारळ आणि दुसरा खण काढला आणि माझ्या हातात दिला. "आता म्याडमची भर. पोर केवडा येल उबी होती."

परतताना रिक्षात मी तिला धारेवर धरलं. दुसरा नारळ सोबत होता, म्हणजे सगळं आधीच ठरलेलं होतं. मिस्त्रींनाही माहीत होतं. मग खण तुमच्याकडे होता तर माझा कशाला मागितलात?

"एकच होता. आनी तुज्या खनाला इस्तरी असते. माझ्या होरीला चांगला खन नको?"

"आणि माझ्या हातून का?"

"मी इदवा. माझ्या हातानं भरली असती तर कोन म्हनला असता, ही काय ओटी झाली? पाड भोक. तुजा हात कोन नाकारनार?" मग ती म्हणाली, "त्या आठवड्यात तुज्या नवऱ्यानं मना लय घोर लावला. खोकत होता."

आजोबांना ही गोष्ट सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "काढा मात्र चांगला होता."

होडी तशी कॅफेशी राहिली. मॅडमने वर काय कळवलं मला माहीत नाही, पण आता ती पाण्यावर ठेवलेली वस्तू आहे आणि पाटी कठड्यावर आहे. बायचा मुलगा तिथे गेला की अजूनही पाटी बाहीने पुसतो. होडी जुनी, थोडं पाणी आत येतं. मी काळजीने म्हटलं, ही गळते. बाय म्हणाली, "गलत नाय, पिते. तू चा पीत नाय?" दर गुरुवारी ती एक कापलेला तेलाचा डबा घेऊन होडीत उतरायची आणि साचलेलं पाणी उपसायची. मी वरून कठड्याशी बसून कॉफी प्यायचे आणि सांगायचे, त्या कोपऱ्यात राहिलंय. "तू निसती बगत बस," ती म्हणायची.

यंदाचा पावसाळा संपता संपता बाय गेली. दुपारी जेवून पडली ती उठली नाही. तिच्या हाताखाली उशीचा अभ्रा होता, नवा. मुलाने आदल्या दिवशी आणलेला. बहुतेक निकाल द्यायचा राहिला.

पुढच्या गुरुवारी तिचा मुलगा माझ्या दारात उभा राहिला. हातात तो तेलाचा डबा. "टीचर, मला कळंबोलीला जायचंय," एवढंच म्हणाला. डब्याकडे बघत राहिला. मी डबा घेतला.

मी जुनी साडी नेसले, घड्याळ काढून ठेवलं. मिस्त्रींनी हात दिला म्हणून होडीत उतरता आलं. तळाशी बरंच पाणी साचलं होतं. फळ्या ओल्या, थंड आणि कडेला बुळबुळीत होत्या. जिथे बसायचं तिथे मात्र अगदी गुळगुळीत. हे वरून कधी दिसलं नव्हतं. मी बसले, पदर खोचला आणि उपसायला लागले.

कठड्याशी एक कुटुंब येऊन उभं राहिलं. हातात सुकटीचं सँडविच. त्यातल्या बाईंनी वाकून विचारलं, "आजी, ही कुणाची होडी?"

पाटी त्यांच्या कोपराखाली होती. त्यावर सगळं लिहिलेलं आहे, आणि शुद्धलेखन मीच तपासलेलं आहे.

"साहेबाची," मी म्हटलं. "गोरा होता एक. गोदीचा मोठा साहेब. आत ते भांडं आहे ना, त्यात आंघोळ करायचा आणि वाळायला इथे येऊन बसायचा."

"खरंच?"

"आत जाऊन बघा. पाटीवर नाही म्हणून लिहिलंय, तिकडे लक्ष देऊ नका."

ते घाईघाईने आत गेले. मिस्त्री दोरीची गाठ बघत होते, त्यांचे खांदे हलत होते. मी डबा पुन्हा पाण्यात बुडवला.